शेवटचा कागद आधी काढायचा

श्रीपादरावांबद्दल चांगलं लिहायचं ठरवलं तर मला काहीच कष्ट पडणार नाहीत. पंचाईत हीच आहे. कष्ट पडले असते तर हे मी केव्हाच लिहून मोकळी झाले असते.

हल्लीचा प्रिंटर आपणहून कागद परत आत ओढतो, उलटवतो आणि दोन्ही बाजू छापून बाहेर देतो. माझ्या मुलीच्या घरी असा एक आहे. ती तो चालू करून खुशाल स्वयंपाकघरात निघून जाते. मी मात्र कागद परत आत जाताना दिसला की उठून उभी राहते. कोणीतरी आता "स्वल्प थांबा, अक्का" म्हणेल असं वाटतं. एवढ्या वर्षांनीही मला त्या आवाजाचा राग येतो, आणि तो ऐकायला मी अजून थांबते याचा त्याहून जास्त येतो.

नव्वदनंतरची ही गोष्ट. नवऱ्याला बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सांगली सोडून मल्लेश्वरममध्ये भाड्याच्या घरात राहायला आलो. मला टायपिंग येत होतं, थोडाफार कॉम्प्युटरही. हेब्बाळच्या पुढे एका सरकारी संशोधन संस्थेत अहवाल विभाग होता, तिथे वर्षावर्षाच्या करारावर मला घेतलं. कन्नड येत नव्हतं, इंग्रजी अडखळत येत होतं. पहिल्या दिवशी मी कोणाला तरी "व्हेअर इज द स्टेपलर" असं विचारण्याची पुटपुटत तयारी करत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुम्ही मराठी की? मग कशाला तेवढा त्रास करून घेता?"

हे श्रीपादराव, विभागाचे सुपरिंटेंडेंट. पांढरा शर्ट, कपाळावर गंधाची बारीक रेघ, खिशात टोक काढलेली पेन्सिल. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. कोणाच्या फौजेबरोबर आलं हे मात्र सांगणाऱ्याच्या मूडवर अवलंबून असे. ते स्वतः कधी घोडदळ सांगत, कधी हिशेबनीस. त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. घाईला ते गडबड म्हणत, थोड्याला स्वल्प म्हणत, आणि कोणतीही गोष्ट मनासारखी झाली की "सरी" म्हणून मान हलवत. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा माणूस, पण मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणू लागला. मीही मग त्यांना अण्णा म्हणू लागले. परक्या गावात कोणी आपल्याला अक्का म्हणालं की आपण किती पटकन विरघळतो, हे त्या वयात मला ठाऊक नव्हतं.

आमच्या विभागाचं काम म्हणजे शास्त्रज्ञांनी लिहिलेले अहवाल वर्डमध्ये टाइप करून, छापून, बांधून द्यायचे. कागद वाचवा असा वरून हुकूम आला होता, त्यामुळे प्रत्येक अहवाल दोन्ही बाजूंनी छापायचा. इमारतीत लेझर प्रिंटर एकच, आणि तो श्रीपादरावांच्या टेबलाशेजारी. त्याला कमलाक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, जुन्या साडीचा अभ्रा शिवून दिला होता, काठासकट. संध्याकाळी निघताना ते तो अभ्रा असा घालत की बघणाऱ्याने आवाज खाली आणावा.

त्या प्रिंटरला एका वेळी एकच बाजू छापता येई. आधी एक, तीन, पाच अशी पानं छापायची, मग तो गठ्ठा फिरवून पुन्हा ट्रेमध्ये लावायचा आणि मागच्या बाजूला दोन, चार, सहा छापायची. पहिली बाजू मी छापली तर त्यांची हरकत नसे. "पहिली बाजू कोणीही छापतं," असं ते म्हणायचे. दुसरी बाजू त्यांची. तिथे कोणी हात लावायचा नाही.

मी पहिल्याच आठवड्यात लावला होता. छापलेला गठ्ठा उचलला आणि पालथा करून परत आत घातला, तर अक्षरावर अक्षर बसून सगळं काळं झालं. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने छोटा बाण काढला आणि तो कागद आत सोडला. बाहेर आल्यावर मला दाखवला. "बघा, वरचं तोंड खाली गेलं, पण डोकं तिकडेच राहिलं. आता तुम्हीच सांगा, परत कसा लावायचा." मी सांगितलं. चुकलं. त्यांनी आणखी एक बाण काढला. मला नीट सांगता येईपर्यंत ते बाण काढत राहिले, आणि तेवढ्या वेळात एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. माझ्या आयुष्यात मला असं कोणी शिकवलं नव्हतं. हे मी आजही नाकारत नाही.

कागद नुकताच छापून आला की गरम असतो, कडांना वळतो. तसाच परत लावला तर आत अडकतो. म्हणून दोन बाजूंच्या मध्ये कागद निवायला ठेवायचा, हा त्यांचा नियम. "त्याला स्वल्प बसू द्या. आपणही बसू." मग कँटीनमधून बाय-टू कॉफी यायची, म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे पेले. मी म्हणायचे, "अण्णा, अख्खी घेऊ की एकेक." ते म्हणायचे, "अख्खी कॉफी एकट्याने प्यायची वस्तू आहे." त्या अर्ध्या पेल्यावर त्यांनी मला निम्मं बंगळूर सांगितलं. कुठल्या दुकानात लोणी ताजं मिळतं, कोणत्या बसचा कंडक्टर सुटे देत नाही, ऑफिसात कोणाचं कोणाशी पटत नाही. घरमालकाशी बोलायला पुरेल एवढं कन्नडही मी तिथेच शिकले.

दुसऱ्या बाजूची खरी मेख मात्र शेवटच्या कागदात होती. आमच्या प्रिंटरमध्ये छापलेल्या गठ्ठ्याचं शेवटचं पान सगळ्यात वर येई, म्हणून मागची बाजू शेवटाकडून छापत यावं लागे. एकूण पानं सम असली तर प्रश्न नाही. विषम असली तर शेवटच्या कागदाची पाठ कोरी राहायला हवी, म्हणजे तो कागद गठ्ठ्यातून आधी काढायचा. राहिला, तर त्याच्या आधीचं पान त्याच्याच पाठीवर बसतं, आणि तिथून पुढे सगळीच पानं एकेक घर सरकतात. "शेवटचा कागद आधी काढायचा," हे ते दुसरी बाजू लावताना स्वतःशी पुटपुटत. काढलेला कागद पंख्याने उडू नये म्हणून आपल्या डब्याखाली सारत. स्टीलचा तो डबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात असे. रिकामा झाला तरी जागा सोडत नसे. गठ्ठा हातात आला की नजर डब्याकडे, आणि नजर डब्याकडे गेली की कागद त्याच्याखाली. हे मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मला डबा हा प्रिंटरचाच एक भाग वाटायचा.

संकष्टीला ते कडक उपास करत. डबा आणत नसत आणि दुसरी बाजू छापायलाही घेत नसत. "उपाशी पोटी ते काम नको," म्हणून दुसऱ्या दिवसावर ढकलत. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. शास्त्रज्ञ मंडळी चतुर्थी बघून अहवाल देत, अशी थट्टा चाले.

एकदा एका बड्या शास्त्रज्ञाला धीर धरवला नाही. त्याने स्वतःच गरम कागद ट्रेमध्ये कोंबले आणि प्रिंटर असा अडकला की दोन दिवस बंद पडला. डायरेक्टर खाली आले, कोणी केलं म्हणून विचारू लागले. तो शास्त्रज्ञ खिडकीबाहेरची झाडं न्याहाळत होता. श्रीपादराव पुढे झाले आणि म्हणाले, "माय मिस्टेक, सर." मी बघतच राहिले. नंतर विचारलं, "अण्णा, तुम्ही का घेतलं अंगावर?" तर म्हणाले, "असू द्या. माणसाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावू नये." घरी जाऊन मी हे नवऱ्याला दोनदा सांगितलं. वरच्या माणसाला पाठीशी घालणं आणि बरोबरच्याला पाठीशी घालणं यात जमीनअस्मानाचा फरक असतो, हे मला तेव्हा सुचलंही नाही. वरच्याला पाठीशी घातलं तर तो लक्षात ठेवतो.

माझे सासरे, तात्या, सांगलीहून राहायला आले होते त्या वेळची गोष्ट. सुनेने बसने हेब्बाळपर्यंत जाऊन कराराची नोकरी करावी हे त्यांना पसंत नव्हतं. "आज आहे, उद्या नाही. असल्या नोकरीसाठी घराची आबाळ कशाला," असं ते रोज जेवताना काढायचे. मी हे ऑफिसात बोलले असेन. एका रविवारी श्रीपादराव आणि कमलाक्का आमच्या दारात उभे. हातात मोगऱ्याचा गजरा आणि घरचं लोणचं. सासऱ्यांशी त्यांनी घोडदळापासून सुरुवात केली आणि तासाभरात त्यांना खिशात टाकलं. निघताना म्हणाले, "तात्या, अक्काची काळजी करू नका. मी रिटायर व्हायच्या आत यांना पर्मनंट करून जातो. ही माझी जबाबदारी."

तात्यांनी त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. उलट सांगलीला गेल्यावर माझी सून सरकारी संशोधन संस्थेत आहे असं सगळ्यांना सांगत सुटले. मला त्या नोकरीचं काय वाटत होतं ते आता लिहायला हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नावाने कोणीतरी ओळखत होतं. ते कायमचं व्हावं एवढंच मला हवं होतं, आणि ते होणार याबद्दल मला शंकाच नव्हती, कारण शब्द अण्णांनी दिला होता.

आणि ते तसं जमूनही येत होतं. दिल्लीहून एक समिती संस्थेचं काम पाहायला येणार होती. आमच्या विभागात एक कायम जागा द्यावी अशी विनंती तिच्यापुढे जायची होती. डायरेक्टर शिफारस करणार होते. श्रीपादराव रोज सांगत, "झालं म्हणून समजा, अक्का." समितीला द्यायचा मोठा अहवाल मी टाइप केला. प्रत्येक तक्ता, प्रत्येक आकडा तपासला. पहिली बाजू छापली. दुसरी बाजू लावायची तो दिवस नेमका संकष्टीचा आला, आणि समिती दुसऱ्या दिवशी सकाळी हजर होणार होती. पुढे ढकलायला जागा नव्हती.

मी म्हटलं, "अण्णा, आज मी लावू का? तुम्ही नुसते बसून सांगा."

"छे. हे काम तुमचं नाही. तुम्ही बाइंडरकडे जाऊन कव्हरं घेऊन या."

मी गेले. परत आले तेव्हा प्रती बांधायला निघून गेल्या होत्या आणि ते प्रिंटरवर अभ्रा घालत होते. ओठ सुकलेले, चेहरा ओढलेला. एरवी पहिली प्रत ते स्वतः पानन्‌पान चाळत. त्या दिवशी चाळली का, हे मी विचारलं नाही. त्यांना असलं काही विचारायची पद्धतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तोच आम्हा दोघांना वर बोलावणं आलं. डायरेक्टरनी एक प्रत माझ्यापुढे सरकवली. पहिल्या पानाची पाठ कोरी. मग तीन, तिनाच्या मागे दोन. पाच, पाचाच्या मागे चार. शेवटपर्यंत तसंच. काय झालं ते बघताक्षणी माझ्या लक्षात आलं. शेवटचा कागद गठ्ठ्यातच राहिला होता. अहवालाची पानं विषम होती, आणि काल टेबलाच्या कोपऱ्यात डबा नव्हता. पहिल्या प्रतीला विसरले ते सगळ्या प्रतींना विसरले.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला नाही. कीव आली. माणूस उपाशी होता, हात सवयीचे होते, सवयीची खूण जागेवर नव्हती. ते आता "माय मिस्टेक, सर" म्हणतील, आणि मग आपण पुढे होऊन सांगू की सर, काल यांचा उपास होता, असं मी मनात जुळवलंही.

डायरेक्टरनी विचारलं, हे कोणी केलं.

श्रीपादराव म्हणाले, "मिसेस साठे लोडेड द पेपर, सर. शी इज स्टिल लर्निंग."

मिसेस साठे म्हणजे मी. त्या नावाने त्यांनी मला त्याआधी कधीही हाक मारली नव्हती. मला क्षणभर कळेचना की कोणाबद्दल बोलणं चाललंय.

मग कळलं. मी म्हटलं, "नो सर. मी टाइप केलं. कागद यांनी लावले. मी तेव्हा बाइंडरकडे गेले होते." हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत; शब्द धड बाहेर येईनात, आवाज चढला. डायरेक्टर त्यांच्याकडे बघू लागले. श्रीपादरावांची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर होती. ती तिथून न हलवता ते मराठीत, अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "असू दे, अक्का. होतं असं."

डायरेक्टरना मराठी येत नव्हतं, पण सूर कोणालाही कळतो. चुकलेल्या मुलीला वडीलधारा माणूस समजावतोय, एवढं त्यांना दिसलं. ते म्हणाले, श्रीपादराव हे काम किती वर्षं करतायत ते मला माहीत आहे. आणि आम्हाला जायला सांगितलं.

कायम जागेची विनंती समितीपुढे गेलीच नाही. माझा करार संपत आला होता, तो वाढवला नाही.

उरलेले आठवडे मी कामावर गेले. जिवावर यायचं, पण गेले, कारण न जाणं म्हणजे कबूल करणं. ते रोजच्यासारखेच वागत होते, हे सगळ्यात असह्य होतं. एके दिवशी कॉफी आली तेव्हा त्यांनी अर्धा पेला माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला आणि विचारलं, "अण्णा, का?"

त्यांनी हातातली पेन्सिल खिशात ठेवली. मग म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिलीत, अक्का. मुलीचं लग्न व्हायचंय. इतकी वर्षं माझ्या नावावर एक डाग नाही. तुम्ही तरुण आहात. तुम्हाला कुठेही मिळेल."

"मला कुठेही नको होतं," मी म्हटलं.

"सरी," ते म्हणाले, आणि कॉफी प्यायले.

सांगलीला कळवायचं काम नवऱ्याने केलं. पुढच्या खेपेला तात्या आले तेव्हा त्यांनी नोकरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पुढे मल्लेश्वरममधल्याच एका शाळेच्या ऑफिसात लागले. तिथे कागद छापायचे, फायली लावायच्या. काम वाईट नव्हतं. कायम मात्र मी तिथेही झाले नाही. चिडचिड झाली की मी मनातल्या मनात श्रीपादरावांशी भांडत असे, आणि भांडता भांडता शेवटी एका विचाराशी येऊन शांत होत असे. त्यांना ठाऊक आहे. लोकांना काय वाटायचं ते वाटो, त्या खोलीत खरं बोलणारी मी होते हे त्यांना ठाऊक आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना ते टोचत असणार. एवढा आधार मला पुरत होता.

दशक संपत आलं होतं तेव्हा ते मला शेवटचे दिसले. मल्लेश्वरमच्या बाजारात, फुलवाल्यांच्या रांगेजवळ, सकाळच्या वेळी. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. हातात काठी, शर्ट तसाच पांढरा. बरोबर एक तरुण माणूस होता. मी वळून जायच्या बेतात होते, पण त्यांनीच हाक मारली.

"अक्का."

मी थांबले. त्यांचा चेहरा उजळला होता. खोटं सांगत नाही, खरोखर उजळला होता. बरोबरच्याला म्हणाले, "हे आमचे जावई. आणि ह्या साठेअक्का. आमच्या ऑफिसात होत्या. फार हुशार. सगळं काम मीच शिकवलं यांना." मग काठीवर भार देत, जावयाकडे किंचित झुकून म्हणाले, "पर्मनंट व्हायच्या होत्या. बिचाऱ्यांच्या हातून एकदा कागद उलटे लागले. नेमके समितीपुढे. मी डायरेक्टरना फार समजावलं, पण काही उपयोग झाला नाही. मला अजून वाईट वाटतं."

मी म्हटलं, "अण्णा, कागद तुम्ही लावले होते."

ते हसले. रागावले नाहीत, गडबडले नाहीत. "बघा, अजून मनाला लावून घेतलंय," जावयाला म्हणाले. आणि मला म्हणाले, "विसरा आता, अक्का. चूक कोणाकडून होत नाही?"

डायरेक्टरच्या खोलीत त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं होतं. आता ते सरळ माझ्या डोळ्यांत बघत होते, मायेने, अगदी बाण काढून दाखवताना बघायचे तसे. मी त्या डोळ्यांत शोधलं. खूप शोधलं. तिथे काहीच लपवलेलं नव्हतं. त्यांना ते तसंच आठवत होतं.

म्हणजे खरं ठाऊक असलेली मी आता एकटीच उरले होते.

जावयाने त्यांच्या कोपराला धरलं. रिक्षा, सायकली थांबेपर्यंत दोघं कडेला उभे राहिले आणि मग सावकाश रस्ता ओलांडून गेले. पलीकडे पोचल्यावर श्रीपादरावांनी वळून मला हात केला. मीही केला.